काशीला जायालाय? मग बेळगावातनं निघायच्या आधी एवढं वाचून घ्या

दक्षिण काशी आपल्या बेळगावातच आहे, कपिलेश्वर, त्यामुळं आमच्या घरात कितीतरी वर्षं "कपिलेश्वराला जाऊन आलो म्हणजे काशी झालीच की" म्हणून वेळ मारून नेत होते. ती म्हण आहे ना, काशीस जावे नित्य वदावे. वदायचं काम आमच्यात तीन पिढ्या मनापासून झालं, जायचं काम शेवटी माझ्यावर आलं. आई ६८ ची, मावशी तिच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी, आणि दोघींना घेऊन मी. आल्यापासून रोज कोणीतरी फोन करून विचारतंय, कसं गेलास, कुठं राहिलास, साडी कितीला घेतलीस, म्हणून म्हटलं एकदाच सगळं लिहून टाकतो.

आधी कधी जायचं ते. पावसाळ्यात जाऊच नका. जुलै ते सप्टेंबर गंगा चढते, खालच्या पायऱ्या पाण्यात जातात, एका घाटावरनं दुसऱ्या घाटावर चालत जाता येत नाही, नावा बंद ठेवतात, आरतीसुद्धा वर गच्चीवर करतात. मेमधे ऊन असं की आपल्या बेळगावच्या हवेत वाढलेला माणूस दोन दिवसात आडवा होतोय. डिसेंबर-जानेवारीत थंडी चालते पण धुकं पडलं की रेल्वे सहा-सहा आठ-आठ तास लेट. मधला रस्ता म्हणजे दिवाळीनंतरचे पंधरा-वीस दिवस नाहीतर फेब्रुवारी-मार्च. कार्तिक पौर्णिमेला देवदिवाळी असते, सगळे घाट पणत्यांनी उजळतात, बघण्यासारखं आहेच पण गर्दी अफाट आणि लॉजचे रेट दुप्पट-तिप्पट, म्हातारी माणसं सोबत असतील तर तो दिवस सोडूनच बुकिंग करा.

जायचं कसं? बेळगावहून मिरज, मिरजेहून पुणे, आणि पुण्यातून ज्ञानगंगा एक्स्प्रेस, किंवा मुंबई गाठून महानगरी, हा आपल्या लोकांचा ठरलेला मार्ग. रिझर्वेशन आता ६० दिवस आधी उघडतं, पूर्वीसारखं चार महिने नाही, त्यामुळं तारीख मोजून सकाळी आठला बसायचं. आणि एक महत्त्वाचं, वाराणसीला उतरायला एकापेक्षा जास्त स्टेशनं आहेत आणि लोक त्यातच घोळ घालतात. वाराणसी जंक्शन म्हणजे तिथल्या भाषेत कैंट. बनारस म्हणजे जुनं मंडुवाडीह, त्याचं नाव २०२१ मध्ये बदललं. काशी नावाचं स्टेशन वेगळंच. आणि पं. दीनदयाळ उपाध्याय जंक्शन म्हणजे आपलं ऐकलेलं मुघलसराय, ते गंगेच्या पलीकडं आहे, तिथं उतरलात तर रिक्षानं पूल ओलांडून यावं लागतं. तिकिटावर काय लिहिलंय ते नीट बघा. विमानानं गेलात तर बाबतपूरचा विमानतळ गावापासून २५ किलोमीटर तरी आहे, ते भाडं पण धरा.

आपण कर्नाटकात राहतो त्याचा इथं एक फायदा आहे, तो घ्या. मुजराई खात्याकडून, म्हणजे देवळांचं बघणाऱ्या सरकारी खात्याकडून, काशी यात्रेला अनुदान मिळतं, सरकारच्या सेवा सिंधू पोर्टलवर अर्ज करायचा, कर्नाटकचा रहिवासी असल्याचा पुरावा लागतो आणि दर्शन घेतल्याचा पण पुरावा लागतो, म्हणून तिथल्या पावत्या-बिवत्या फेकू नका. शिवाय खात्यातर्फे भारत गौरवची काशी दर्शन रेल्वे पण सोडतात, २०२२ पासून चालू आहे. रक्कम आणि तारखा बदलत असतात, जायच्या आधी चौकशी करा. माझा चंदगडचा मेव्हणा हे ऐकून हळहळला, त्याचं गाव आमच्यापासून तासाभरावर पण तो महाराष्ट्रात पडला ना. सीमेचा त्रास नेहमी आपल्यालाच का, एकदा त्यांनापण.

राहायला गोदौलियाच्या आसपास बघा, तिथनं दशाश्वमेध घाट आणि विश्वनाथाचं मंदिर दोन्ही चालत जमतंय. आमच्या शेजारचे लिंगायत कुटुंब जंगमवाडी मठात उतरलं होतं, तो वीरशैवांच्या पाच पीठांपैकी एक, जुना आणि मोठा, बेळगाव-धारवाडकडची माणसं तिथं कायम दिसतात आणि कन्नड बोललं की चालून जातंय. आम्ही मात्र फसलो. स्टेशनवरच्या रिक्षावाल्यानं "आपकी लॉज बंद हो गई" म्हणून दुसरीकडंच नेलं, तिथं जिना असा की मावशी अर्ध्यावर बसूनच राहिली. रिक्षात बसायच्या आधी लॉजला फोन लावा आणि स्पीकरवर ठेवून त्या रिक्षावाल्यालाच बोलायला द्या. आणि म्हातारी माणसं असतील तर "कितव्या मजल्यावर आणि लिफ्ट आहे का" हे आधी विचारा, घाटाजवळच्या जुन्या वाड्यांना लिफ्ट कुठली.

आता बघायचं काय. टूरवाले दोन तासात नाव फिरवून, आरती दाखवून, दर्शन करून गाडीत घालतात. तसं करू नका. एक अख्खी सकाळ घाटासाठी ठेवा आणि असीपासून उत्तरेकडं चालत निघा. घाट सगळे मिळून ८४ म्हणतात. इथं गंगा उत्तरेकडं वाहते आणि घाट सगळे पश्चिम काठावर, त्यामुळं सूर्य समोरनं, पलीकडच्या मोकळ्या वाळूवरनं उगवतो आणि ऊन सरळ पायऱ्यांवर येतं. असीला पहाटे आरती आणि गाणं-बजावणं असतं, पाचला पोचा. तिथून जवळच भदैनीत राणी लक्ष्मीबाईचं जन्मस्थान आहे, १८२८ चा जन्म, तांब्यांची मनकर्णिका. बेळगावातनं एवढं लांब येऊन लोक ते बघत नाहीत, वाईट वाटतं.

पुढं चालत गेलं की हनुमान घाटाच्या बाजूला कर्नाटक घाट लागतो, म्हैसूर संस्थानचा. आई तिथं पाटीपुढं थांबली आणि म्हणाली, हितं पण हायच की कर्नाटक. मग राजाघाट, तो पेशव्यांचा, अमृतरावांचा. मग अहिल्याबाई घाट. मग दशाश्वमेध, तो १७४८ मध्ये बाळाजी बाजीराव पेशव्यांनी बांधला आणि पुढं अहिल्याबाईंनी परत बांधून घेतला. मणिकर्णिका घाट ओलांडला की शिंदे घाट, ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंद्यांचा, एवढा जड बांधला की स्वतःच्याच वजनानं खचला होता, आणि त्याच्यापुढं पाण्यात एका बाजूला कललेलं रत्नेश्वराचं देऊळ आहे, त्याचा फोटो सगळे काढतात, घाट कुणाचा ते कोणी विचारत नाही. मग नागपूरकरांचा भोसले घाट. म्हणजे आपल्यासारख्या सीमाभागातल्या माणसाला इथं भांडायला जागाच नाही, कर्नाटक घाट पण आपला, भोसले घाट पण आपलाच.

हे एवढं मराठी काशीत आलं कुठनं? मराठेशाहीच्या कितीतरी आधीपासून पैठणकडचे विद्वान इथं येऊन राहिलेले. नारायण भट्ट त्यांच्यातले, अकबराच्या काळात विश्वेश्वराचं, म्हणजे काशीविश्वनाथाचं, देऊळ परत उभं राहिलं ते त्यांच्या पुढाकारानं, अकबराचा मंत्री तोडरमल याच्या मदतीनं. त्याच घराण्यातले गागाभट्ट, १६७४ ला रायगडावर शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाला काशीहून आले ते. एकनाथ महाराजांनी त्यांचं भागवत १५७३ मध्ये पुरं केलं ते पण काशीतच. विश्वेश्वराचं ते जुनं देऊळ १६६९ मध्ये औरंगजेबाच्या हुकमानं पाडलं, आणि आत्ता आपण ज्याचं दर्शन घेतो ते अहिल्याबाई होळकरांनी १७८० मध्ये बांधलेलं, शिखरावरचं सोनं नंतर महाराजा रणजितसिंहांनी दिलेलं. शेजारच्या ज्ञानवापी विहिरीवरचा खांबांचा मंडप १८२८ चा, तो पण बायजाबाईंचाच. २०२१ च्या डिसेंबरात देवळापासून गंगेपर्यंतचा कॉरिडॉर झाला, त्यात अहिल्याबाईंचा पुतळा आहे, तिथं दोन मिनिटं थांबा.

शक्य असेल तर अजून पुढं पंचगंगा, दुर्गा घाट, ब्रह्मा घाट इथपर्यंत जा. हा जुना मराठी मोहल्ला. पंचगंगेवर अहिल्याबाईंचा हजारा म्हणून दगडी दीपस्तंभ आहे. गल्लीत शिरलात की एखाद्या दारावर मराठी आडनाव दिसतंय, आत एखाद्या आजी नऊवारीत बसलेल्या. आम्ही एका आजींशी बोललो. त्यांचं मराठी ऐकून मावशी मला हळूच म्हणती, हे पुण्यासारखं पण नाही आणि आपल्यासारखं पण नाही. "हम लोग घर में मराठीच बोलते" असं त्या म्हणाल्या, आणि आम्ही बेळगावच्या वडगावात काय वेगळं करतोय, वाक्य कन्नडमध्ये सुरू होतं आणि मराठीत संपतं.

दर्शनाचं बघा. मोबाईल, पेन, चामड्याचं काही आत नेता येत नाही, सगळं रूमवर ठेवून फक्त पैसे आणि आधार घेऊन जा. नाहीतर दुकानवाले "लॉकर फ्री" म्हणून बोलावतात आणि मग प्रसादाची टोपली गळ्यात मारतात. लवकर दर्शनाचं तिकीट मंदिराच्या अधिकृत वेबसाईटवरच काढा, रस्त्यात भेटणाऱ्या "व्हीआयपी करा देंगे" वाल्याकडनं नको. पद्धत अशी की आधी काळभैरव, तो काशीचा कोतवाल, मग विश्वनाथ, मग शेजारी अन्नपूर्णा, ते देऊळ थोरल्या बाजीरावांच्या काळातलं.

पिंडदान-श्राद्ध करायचं असेल तर घरच्या भटजींना विचारून काशीतल्या मराठी उपाध्यांचा नंबर इथनंच घेऊन जा, आणि दक्षिणा किती, त्यात सामान धरलं का नाही, हे फोनवरच पक्कं करा. कारण घाटावर काय होतं ते सांगतो. एकजण गोड बोलून बसवतो, तुमच्या ओंजळीत पाणी, फूल, अक्षता घालतो, तुमच्या आजोबा-पणजोबांची नावं विचारतो, डोळ्यात पाणी यायची वेळ येते, आणि नेमकं तेव्हा संकल्पात मधेच म्हणतो, बोलिये, इक्कीस सौ का गोदान. हातात पाणी, समोर गंगा, तोंडातनं नाही कसं निघणार? आईनं हो म्हटलंच. यावर उपाय एकच, पाणी हातात घ्यायच्या आधी आकडा बोला. त्या लोकांना नुसतं लुबाडणारे पण म्हणायला नको, पिढ्यानपिढ्या यात्रेकरूवरच त्यांची चूल पेटते, पण ठरवून द्यावं, भरीला पडून नको.

नावेचं पण तसंच. नाव चालवणारे मल्लाह, निषाद समाजाचे, घाट वाटून घेतलेले असतात. आपल्या तिघांसाठी अख्खी नाव नको असेल तर सरळ शेअरिंग मागा. संध्याकाळी आरती नावेतनं बघायची तर तासभर आधी बसावं लागतं आणि नावा एकमेकाला एवढ्या चिकटतात की उतरायचं म्हटलं तर दुसऱ्यांच्या नावांवरनं चालत यावं लागतं. आमच्यासारखी माणसं सोबत असतील तर आरती पायऱ्यांवर बसून बघा आणि नाव पहाटे घ्या, पहाटे वल्ह्याची मिळाली तर उत्तम, इंजिनाच्या आवाजात काय बोलणं पण होत नाही.

मणिकर्णिकेवर चिता दिवसरात्र जळत असतात. तिथं अग्नी डोम, म्हणजे स्मशानाचं काम पिढ्यानपिढ्या करणारी माणसं, देतात, लाकूड वजनावर विकतात, काठाला लाकडानं भरलेल्या नावा लागलेल्या असतात. मरण हा पण तिथं रोजचा धंदाच आहे आणि त्यात कोणाला काही वावगं वाटत नाही. फोटो काढू नका. आणि "गरीबांच्या लाकडासाठी दान द्या" म्हणून वर गच्चीवर न्यायला कोणी आलं तर हात जोडून पुढं चला.

आता साडी. इथं मी जरा जास्त बोलणार कारण हा माझा विषय आहे. आमचं घर वडगावातलं विणकराचं, आजोबांचा हातमाग होता, वडिलांनी पावरलूम घातले, रात्री खटखट थांबली की आम्हाला जाग यायची. त्यामुळं बनारसला दुकानदारानं साडी उलगडली की मी पहिल्यांदा ती उलटी करतो. तुम्ही पण तेच करा.

उलट्या बाजूनं बुट्ट्या बघायच्या. प्रत्येक बुट्टी वेगवेगळी विणलेली असेल, एका बुट्टीपासून दुसरीपर्यंत सुटा धागा जात नसेल आणि कापल्याच्या खुणा नसतील तर ती कढुआ, सगळ्यात मेहनतीची, महाग. मागं धागा एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत सुटा पळत गेलेला असेल तर ती फेकुआ. आणि ते सुटे धागे कात्रीनं कापलेले, बुट्टीच्या कडेला दाढीच्या खुंटासारखे टोचत असतील तर कटवर्क. कटवर्क वाईट नसतं, पण कढुआच्या भावात घ्यायचं नाही. दुसरं, काठाच्या कडेला बोट फिरवा. हातमागावर कापड ताणून धरायला एक काठी लावतात, तिच्या टाचण्यांची बारीक बारीक भोकं दोन्ही कडांना राहतात. पावरलूमवर अशी नसतात. दुकानदार "प्युअर हँडलूम" म्हणाला की मी गप्प त्या कडेवर बोट फिरवतो, आणि दोनदा असं झालं की त्यानं स्वतःच घडी घालून दुसरा गठ्ठा काढला. तिसरं, पदराच्या टोकाचा एक धागा मागून घ्या आणि जाळा, रेशीम असेल तर केस जळल्यासारखा वास येतो आणि राख चिमटीत चुरते, प्लास्टिकसारखी गोळी झाली तर पॉलिस्टर. जर कुठली ते पण विचारा, खरी चांदीची जर हल्ली फार थोड्या साड्यांत, बाकी सगळी नकली, आणि तसं बिलावर लिहून मागा. बनारसी साडीला २००९ मध्ये जीआय, म्हणजे त्या भागाचाच माल असल्याची सरकारी ओळख, मिळालाय, हँडलूम मार्कचं लेबल आहे का बघा, तरीपण सुरतेची साडी बनारसी म्हणून गल्लोगल्ली विकतात.

वेळ असेल तर मदनपुरा किंवा पीली कोठीकडं एखाद्या माग असलेल्या घरात जाऊन या, ओळखीनं जा, दलाल घेऊन नको. मी एका घरी गेलो होतो. जमिनीत खड्डा, त्यात पाय सोडून बसलेले चाचा, अन्सारी, वर जेकार्डची, म्हणजे नक्षी ठरवणारी भोकाभोकांची, पुठ्ठ्याची पानं दोऱ्यांवर लोंबकळतात, आणि अंधारात फक्त मागावर एक बल्ब. मी सांगितलं, आम्ही पण विणकर, आमच्याकडं कन्नडमध्ये मागाला मग्ग म्हणतात. त्यांनी धोटा, म्हणजे आडवा धागा टाकायचं लाकडी साधन, माझ्या हातात दिला. शिसवीसारखा काळा, हातानं घासून घासून गुळगुळीत झालेला, आजोबांचा होता अगदी तसाच, आमच्या माळ्यावर अजून पडलाय. त्यांचा हिशोब पण आमच्यासारखाच निघाला. रेशीम, जर, डिझाईन सगळं गिरस्ता, म्हणजे विणून घेणारा व्यापारी, देणार, यांनी विणायचं, मजुरी साडीवर. एका कढुआ साडीला महिना जातोय, जास्तच भरगच्च असेल तर कितीतरी महिने. पोरं सुरतेला नाहीतर बेंगळुरूला मागावर गेलीत म्हणाले. बेंगळुरू म्हणताना माझ्याकडं बघून हसले, तुम्हारे यहाँ. मी काय सांगणार, आमच्या वडगावचं कोण विचारतंय बेंगळुरूला.

कबीर पण विणकरच, याच गावचे. कबीरचौरा नावाचा भाग आहे, तिथं मठ आहे, शांत जागा, जाऊन बसा. आणि कबीर आपल्याला ऐकायला मिळाले ते कुमार गंधर्वांच्या गळ्यातनं, ते जन्मले आपल्या सुळेभावीत. एवढं आठवून मी तिथं बसलो होतो, मावशी म्हणाली चल, पाय दुखालेत.

खायचं फार लिहीत नाही. सकाळी कचोरी-भाजी आणि जिलेबी, थंडीत मलइयो, दुधाचा नुसता फेस, केशर घातलेला, तोंडात घातला की नाहीसा. आपल्या बेळगावच्या कुंद्याच्या, त्या दूध आटवून केलेल्या घट्ट मिठाईच्या, बरोबर उलटं प्रकरण. कुंद्याचा डबा घेऊन गेला असाल तर साडीवाल्याला, मराठी आजींना थोडा-थोडा द्या, आम्ही दिला आणि पुढचा भाव जरा नरम लागला.

शेवटचं, गंगेचा गडू. ठठेरी बाजारात तांब्या-पितळेची दुकानं आहेत, तिथं रिकामा गडू घ्या, पाणी स्वतः भरा, पहाटे नावेतनं मधल्या धारेतलं, आणि मग दुकानात नेऊन तोंडाला डाख देऊन घ्या. तयार भरलेले विकतात ते नको, आत कुठलं पाणी कोणाला ठाऊक. डाख दिल्यावर लगेच पिशवीत घालू नका. गडू उलटा करून दहा मिनिटं वर्तमानपत्रावर ठेवा, कागद ओला झाला तर परत डाख. आम्ही हे केलं नाही. इटारसीच्या पुढं आईची बॅग ठिबकायला लागली, मावशीच्या नव्या साडीच्या घडीत गंगा शिरली आणि लाल काठाचा रंग पांढऱ्या पदरावर उतरला. आई म्हणती, गंगेचाच डाग आहे, असू दे. साडी मावशीची होती ना.

घरी आल्यावर मावंदं करायचं विसरू नका, गडूची पूजा आणि भावकीला जेवण, त्याशिवाय यात्रा पुरी झाली म्हणत नाहीत. गडू गळका असेल तर आधी आपल्याकडच्या तांबटाकडनं डाख देऊन घ्या, मग पूजेला मांडा. आमच्यात पुरणपोळी केली, मांडे करायचं म्हणत होते पण मांडेवाल्या मावशींना तारीख नव्हती. आणि काशीत कोणी काय सोडलंय ते स्वयंपाक्याला आधी सांगा. आवडीचा एक पदार्थ तिथं सोडायचा असतो, आमच्या मावशीनं दोडका सोडला, जो तिनं उभ्या जन्मात कधी खाल्ला नव्हता, आणि मावंद्याला आचाऱ्यानं नेमकी दोडक्याचीच भाजी केली.